क्रिएटिनची भुकटी : घ्यावी की टाळावी?



गणेशचतुर्थीच्या आधीचे दिवस होते. घरोघरी मांस-मासे बंद झाले होते. अशात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोराच्या खोलीत पांढऱ्या भुकटीचा डबा सापडला. वर क्रिएटिन लिहिले आहे. ते मांसात असते म्हणे, मग उपासाला कसे चालेल? आणि त्याच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले आले आहे. बाबांचेही असेच सुरू झाले होते ना रे?"

आमचे वडील मधुमेहाचे रोगी. मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांची शेवटची वर्षे डायलिसिसवर गेली. बहिणीची भीती मला समजली. भाचा 22 वर्षांचा, रोज व्यायामशाळेत जाणारा. मी पुस्तके उघडली, डॉक्टरांना विचारले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो, कारण असे डबे आता पुष्कळ घरांत आहेत.

क्रिएटिन हे काही नवे औषध नव्हे. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1832 साली ते मांसाच्या रसात शोधले. आपले यकृत आणि मूत्रपिंडे मिळून रोज सुमारे 1 ग्रॅम क्रिएटिन तयार करतात. मांस-मासे खाणाऱ्यांना आणखी थोडे अन्नातून मिळते. यातले सुमारे 95 टक्के स्नायूंत साठते. जड वजन उचलताना किंवा जोरात धाव घेताना स्नायूंना एकदम शक्ती लागते. ती पहिले काही सेकंद या साठ्यातून मिळते.

म्हणून वजन उचलणाऱ्याला आणि कमी पल्ल्याच्या धावपटूला याचा फायदा होतो. व्यायामाची जोड असेल तर वयस्कर माणसांच्या स्नायूंनाही होतो. लांब पल्ल्याच्या धावण्याला मात्र फारसा उपयोग नाही. नुसती भुकटी खाऊन खुर्चीत बसणाऱ्यालाही नाही. शाकाहारी माणसांच्या स्नायूंत हा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे तो भरून निघण्यास अधिक वाव असतो.

उपासाच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. बाजारातली भुकटी मांसापासून काढत नाहीत, कारखान्यात रसायनांपासून बनवतात. कॅप्सूल असेल तर तिचे आवरण जिलेटिनचे आहे का, एवढे मात्र वाचून पाहावे.

प्रमाण दिवसाला 3 ते 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, पुरे होते. काहीजण पहिला आठवडा रोज 20 ग्रॅम घेतात. त्याने साठा लवकर भरतो इतकेच, पोट मात्र बिघडू शकते. स्नायूंत पाणी धरल्यामुळे सुरुवातीला वजन किलो-दोन किलो वाढते. ती चरबी नव्हे.

आता मुख्य गोष्ट. स्नायूंतल्या क्रिएटिनचा रोज थोडा भाग झिजून क्रिएटिनिन बनते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मूत्रपिंडे थकली की रक्तात ते साचते, म्हणून डॉक्टर ते मोजतात. पण भुकटी घेणाऱ्याच्या आणि भरदार स्नायूंच्या माणसाच्या रक्तात ते मूत्रपिंडे धडधाकट असतानाही थोडे जास्त दिसू शकते. भाच्याने भुकटीची गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. पुढे त्यांच्या सल्ल्याने सहा आठवडे डबा बंद ठेवला. पुन्हा तपासले, तर आकडा ठीक आला. बहिणीने त्या रात्री प्रथमच स्वस्थ झोप घेतली.

निरोगी प्रौढांच्या मूत्रपिंडांना नेहमीच्या प्रमाणात क्रिएटिनने इजा होत नाही, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसते. तरी आपल्या मॉरिशसमध्ये सुमारे पाच प्रौढांपैकी एकाला मधुमेह आहे, आणि मूत्रपिंडाचा विकार बरेचदा गुपचूप वाढतो. म्हणून मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये. गर्भवती स्त्रियांनीही तसेच करावे. 18 वर्षांखालील मुलांना ही भुकटी देऊ नये.

आयांनो, डबा सापडला तर मुलावर रागावू नका. तपासणीला जाताना तो डबा सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. आणि मुलांनो, तुम्ही काय घेता ते घरात लपवू नका.