शेवग्याखालची आठशे

"आई, ही आता भंगारात देऊन टाकू या," लेक सहज म्हणाला आणि माझ्या पोटात गोळाच आला. 'ही' म्हणजे आमची २००४ सालची मारुती ८००. दारात स्कॉर्पिओ-एन आली आणि ही बिचारी मागच्या अंगणात शेवग्याखाली गेली.

एके काळी हिचा काय मान होता! डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, आणि किंमत पन्नास हजारांच्या आत. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत ती फक्त डॉक्टरांकडे होती. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

मी गाडी शिकले ती हिच्यावरच. बचत गटाच्या वह्या, शिलाई मशीन, पापडाच्या पिठाची पोती, सगळं हिनं वाहिलं. रुंदीला दीड मीटरसुद्धा नाही, त्यामुळे बार्शीत भगवंत मंदिराकडच्या गल्लीबोळांतून अलगद निघते. नवी हातभर जास्त रुंद वाटते. मोजाल तर एक मीटर ९२ सेंटिमीटर. तिला गल्लीत घातलं की समोरचा हातगाडीवाला आधीच कपाळाला हात लावतो.

पण मैत्रिणींनो, नुसत्या मायेनं बोलायचं नाही. २०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री गटातल्या एका बाईंचा फोन आला. सुनेला कळा सुरू झालेल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. आमचे हे परगावी. मोठी गाडी दारात, किल्ली खुंटीला. मी मात्र ८०० काढली. वस्तीच्या चिखलात तिचं पोट टेकलं आणि ती जागची हलेना. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढली. पोहोचलो वेळेत, मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण तो अर्धा तास आणि मागच्या सीटवरचं त्या पोरीचं कण्हणं अजून कानात आहे.

"तुला नाही झेपायची," असं हे म्हणाले होते, खरंय. पण मीही ते मुकाट ऐकून घेतलंच ना?

पुढच्याच आठवड्यात किल्ली मागून घेतली. सकाळी मोकळ्या मैदानावर सीट उंच करून बसायचे. बॉनेट कुठे संपतं तेच कळेना! दोन कुंड्या फोडल्या, मग हात बसला. आता रस्त्यावर गंमत बघते. ८०० मध्ये असताना ट्रकवाले मागून हॉर्न मारून हैराण करायचे. हिच्यात बसलं की तेच बाजूला होतात. बाई तीच, बरं का.

शिवाय हिला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. आमच्या ८०० मध्ये एअरबॅगच नाही. म्हणून पोरांना घेऊन सोलापूरला जायचं तर मी आता ती काढत नाही.

तरी भंगारात द्यायला मी साफ नकार दिला. २०२४ मध्येच तिची नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी करून घेतलीय.

परवा हे मोठ्या थाटात मंडईत गेले. वीस मिनिटांनी रिकामी पिशवी घेऊन परत! गाडी लावायला जागाच मिळाली नाही.

"८०० ची किल्ली कुठंय गं?"

"माझ्या पर्समध्ये. पण चारला गटाची बैठक आहे माझी. त्याआधी आणून द्या."