जुन्या मॉरिस मायनरला मागे नवे शॉकअप बसवायचेत? आधी हे समजून घ्या!

जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघताना तुम्हीही हे पाहिलं असेल. गोलमटोल मॉरिस मायनर मस्त चालली आहे, पण गतिरोधक आला की तिची मागची बाजू दोन-तीनदा हेलकावे खाते. खाली कमेंट ठरलेली : "जुने शॉकअप काढून टाका, आजच्या गाड्यांसारखे नळीवाले टेलिस्कोपिक बसवा!"

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. कारण बऱ्याचदा दोष जुन्या पद्धतीचा नसतो, तर त्यातल्या संपलेल्या तेलाचा असतो. शिवाय नवे शॉकअप चुकीच्या कोनात बसले, तर पैसे खर्चून गाडी आधीपेक्षा वाईट चालते.

चला तर मग, हा मामला मुळापासून समजून घेऊया.

गाडी कोणती?

मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस. पुढे १९५९ मध्ये आलेली प्रसिद्ध 'मिनी' ही त्यांचीच. दहा लाखांचा टप्पा गाठणारी मायनर ही पहिली ब्रिटिश गाडी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत १६ लाखांहून जास्त मायनर तयार झाल्या.

आपल्याकडेही ती आली. हिंदुस्तान मोटर्सने ती 'बेबी हिंदुस्तान' या नावाने विकली. त्यामुळे कुणाच्या आजोबांच्या अल्बममध्ये ती दिसली, तर नवल नाही.

शॉकअप नेमकं करतो काय?

नावामुळे गैरसमज होतो. खड्ड्यातला धक्का शॉकअप झेलत नाही, तो झेलतात स्प्रिंग. मायनरच्या मागच्या बाजूला हे काम पोलादी पाटे करतात. गाडीचं वजनही तेच पेलतात.

पण स्प्रिंगची एक खोड आहे. एकदा दाबली गेली, की ती खाली-वर होतच राहते. झोपाळ्याला झोका दिला की तो लगेच थांबत नाही, तसंच. मग आपण काय करतो? जमिनीला पाय घासून झोका कमी करतो. शॉकअप म्हणजे तो घासणारा पाय! तो स्प्रिंगच्या हालचालीतली ऊर्जा तेलाच्या घर्षणात जिरवतो आणि तिची उष्णता होते.

हा फक्त आरामाचा प्रश्न नाही. चाक उड्या मारत असेल, तर टायर रस्त्याला घट्ट धरून राहत नाही. अशा वेळी ओल्या वळणावर ब्रेक दाबला, तर गाडी घसरू शकते.

जुना 'लिव्हर'वाला शॉकअप कसा असतो?

मायनरमध्ये आर्मस्ट्राँग कंपनीचे लिव्हर-आर्म शॉकअप असत. एक जड ओतीव डबी गाडीच्या सांगाड्याला बोल्टने घट्ट बसवलेली. तिच्यातून बाहेर आलेला दांडा एका जोडकडीने ॲक्सलला जोडलेला. चाक वर-खाली झालं की दांडा फिरतो, डबीतले दोन छोटे पिस्टन हलतात आणि तेल बारीक व्हॉल्व्हमधून ढकललं जातं. एक पिस्टन चाक वर जाताना रोध करतो, दुसरा खाली येताना.

रचना हुशारीची आहे. नीट असेल तर साध्या रस्त्यावर उत्तम चालते. पण तिच्या दोन मर्यादा आहेत.

पहिली, चाक बरंच हललं तरी आतला पिस्टन थोडासाच सरकतो. त्यामुळे तेवढाच रोध निर्माण करायला तेलावर प्रचंड दाब येतो.

दुसरी, तेल कमी असतं. खराब रस्त्यावर लांबचा प्रवास झाला की ते तापून पातळ होतं आणि रोध घटतो. त्यात दांड्याजवळचं सील झिजलं, की तेल गळू लागतं.

टेलिस्कोपिक शॉकअपमध्ये पिस्टन जवळपास चाकाइतकाच प्रवास करतो. म्हणून दाब कमी लागतो आणि उष्णता मोठ्या पृष्ठभागावरून बाहेर पडते.

मग बदल मागेच का सोपा?

पुढच्या बाजूला लिव्हर-आर्मचा दांडा हाच सस्पेन्शनची वरची भुजा असतो. तो चाकालाही धरून ठेवतो. तिथे शॉकअप काढून फेकता येत नाही. मागे मात्र ॲक्सलला जागेवर धरतात ते पाटे. शॉकअपचं काम फक्त हेलकावे थांबवणं. म्हणून बहुतेक जण सुरुवात मागून करतात.

पण आधी जुना तपासा!

• गाडीचा मागचा कोपरा जोराने दाबा आणि सोडा. वर येऊन ती जागेवर थांबली तर ठीक. डुलत राहिली तर गडबड आहे.

• शॉकअपच्या डबीवर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला थर आहे का, ते पाहा.

• तेल भरायचं झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती नीट पुसा. एक कण आत गेला तरी व्हॉल्व्ह अडकू शकतो.

• शॉकअप काढून वायसमध्ये पकडा आणि दांडा पूर्ण खाली-वर करा. रोध सगळीकडे सारखा लागला पाहिजे. मध्येच 'पोकळ' लागलं तर तेल कमी आहे किंवा आत हवा आहे.

• जोडकडीचे रबरी बुश आणि पाट्यांचे बुशही बघा. खडखड अनेकदा तिथूनच येते.

नुसतं जाड तेल ओतून काम भागत नाही. जोराच्या धक्क्यातला रोध मुख्यतः व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर ठरतो. सील गेलं असेल, तर डबी दुरुस्तच करून घ्यावी लागते.

बदल करायचाच असेल, तर या ४ गोष्टी विसरू नका

१. कोन. शॉकअप जितका उभा, तितकं त्याचं काम चोख. तो उभ्या रेषेपासून ३० अंश कलला, तर त्याचा परिणाम साधारण तीन-चतुर्थांश उरतो. ४५ अंशांवर तो निम्मा होतो! म्हणजे महागडा शॉकअप आडवा बसवून तुम्ही त्याची अर्धी ताकद वाया घालवता.

२. लांबी. दोन्ही टोकांमधलं अंतर तीनदा मोजा : गाडी चाकांवर उभी असताना, ॲक्सल पूर्ण वर दाबल्यावर आणि पूर्ण लोंबकळल्यावर. वर जाताना ॲक्सल आधी रबरी स्टॉपवर टेकला पाहिजे. त्याआधी शॉकअप संपला, तर सगळा धक्का थेट ब्रॅकेटवर बसतो. खाली जातानाही ॲक्सलचं वजन शॉकअपवर लटकता कामा नये. ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हेही बघा.

३. ब्रॅकेट. नवा शॉकअप सांगाड्याला वेगळ्या दिशेने आणि कधीकधी वेगळ्या जागी ओढतो. ही गाडी सत्तरीकडे झुकलेली! तिथला पत्रा गंजलेला असेल, तर आधी त्याची दुरुस्ती. नाहीतर ब्रॅकेट पत्र्यासकट फाटून येईल.

४. कडकपणा. मायनरचं वजन सुमारे पाऊण टन, त्यात मागची बाजू हलकी. जड गाडीचा कडक शॉकअप तिला लावला, तर चाक रस्त्याच्या चढउतारांबरोबर हलणार नाही, ते उडेल. ॲडजस्टेबल शॉकअप असेल तर सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरुवात करा.

बसवताना चाकांना ओट लावा आणि गाडी पक्क्या स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. दुहेरी नळीचा शॉकअप सरळच बसतो आणि त्याआधी तो उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून-ओढून आतली हवा काढावी लागते. आणखी एक, रबरी बुशचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडी चाकांवर उतरवल्यावर. अधांतरी कसले, तर गाडी खाली येताच बुश पिळले जातात आणि लवकर फाटतात.

मूळपणाचं काय?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. म्हणून जुन्याच बोल्टच्या भोकांवर बसणारं, कापाकापी किंवा वेल्डिंग न लागणारं किट निवडलेलं बरं. आणि काढलेले शॉकअप भंगारात देऊ नका. तेल पुसा, खूणचिठ्ठी लावा आणि जपून ठेवा. उद्या गाडी मूळ रूपात आणायची झाली, तर तेच कामी येतील.

थोडक्यात काय, तर गाडी चांगल्या रस्त्यावर, रविवारच्या फेरफटक्यापुरतीच निघत असेल, तर दुरुस्त केलेले जुने शॉकअप पुरेसे आहेत. खराब रस्त्यांवर लांबचे प्रवास करणार असाल, तर टेलिस्कोपिकचा फायदा नक्की जाणवेल. फक्त आधी टेप घेऊन गाडीखाली मोजमाप करा, खरेदी नंतर!

तुमच्या घरी किंवा ओळखीत अशी जुनी गाडी आहे का? तिचा मागचा कोपरा आज एकदा दाबून बघा आणि काय झालं ते आम्हाला कमेंटमध्ये सांगा.