घरातला दिवा आणि रंगीत फिल्म

मीरा रोडच्या शांती नगरात एखाद्या घरी बारसे आहे आणि ते तुम्हाला रंगीत फिल्मवर टिपायचे आहे. पिवळ्या बल्बखालीही पांढरे झबले आपल्याला पांढरेच दिसते, कारण डोळा उजेडाला सरावतो. फिल्म सरावत नाही. उन्हासाठीची ‘डेलाइट’ फिल्म सुमारे ५५०० केल्विनची. बल्बखाली तिच्यावर बाळ नारिंगी उमटते. तिथे ३२०० केल्विनची ‘टंगस्टन’ फिल्म घ्यावी. कोडॅकची ५०० टी तशीच, आणि कमी उजेडातही चालते. पण दिवा ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी असेल, तर तिच्यावर चित्र निळसर पडेल. तिथे डेलाइटच बरी, मात्र उजेड भरपूर हवा. तेव्हा दिव्याच्या खोक्यावरचा आकडा आधी वाचा. बारसे काही पुन्हा होत नाही!