भूगोल दिन उत्साहात साजरा, आणि बाकीचे सगळे

‘अंधेरीतील विद्यालयात भूगोल दिन उत्साहात साजरा’ ही बातमी जानेवारीच्या मध्याला उपनगरी पुरवणीच्या कोपऱ्यात येतेच. सोबत फोटो: पृथ्वीच्या गोलावर हात ठेवून उभे प्रमुख पाहुणे, शेजारी मुख्याध्यापिका, मागे सांगून हसवलेली मुले. हे तुम्ही वाचलेले असते. फोटोच्या चौकटीबाहेर, टेबलाखाली वाकून प्लगची जागा शोधणारा जो इसम असतो, तो बहुधा मी. भूगोल शिकवण्यात आणि त्याची प्रदर्शने उभी करण्यात नोकरी गेली. आता पेन्शन सुरू आहे, तेव्हा बोलायला हरकत नाही. शाळांची नावे मात्र विचारू नका.

सुरुवात फोटोपासूनच करू. १४ जानेवारी हा महाराष्ट्रातला भूगोल दिन ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ प्रा. सी. डी. देशपांडे यांच्या नावाशी जोडलेला आहे. एका शाळेत नव्याने लागलेल्या उत्साही सरांनी आदल्या रात्री इंटरनेटवरून त्यांची तसबीर मिळवली, मोठी करून घेतली, फ्रेम केली. सकाळी हार घातला, दीपप्रज्वलन झाले. पाहुणे बँकेतले अधिकारी होते. ते तसबिरीसमोर अंमळ जास्तच वेळ हात जोडून उभे राहिले आणि भाषणात म्हणाले, “रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांचं भूगोलातही इतकं मोठं काम होतं, हे मला आजच कळलं!” तसबीर सी. डी. देशमुखांची होती. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी कपाटातून तीच तसबीर पुन्हा निघाली, कारण फ्रेमला पैसे पडले होते.

दिवसाची मुळातच एक गोची आहे. त्या दिवशी संक्रांत. घराघरात सांगतात की आजपासून उत्तरायण. भूगोलाच्या शिक्षकाला मात्र तिळगुळाचा लाडू तोंडात धरून सांगावे लागते की सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळला, हे कारण तीन आठवडे शिळे आहे. मुले हे घरी जाऊन सांगतात. दुसऱ्या दिवशी आजीचा निरोप येतो.

म्हणून आम्ही वादात न पडता सावलीचा प्रयोग ठेवायचो. एक मीटरची काठी पटांगणात रोवायची, सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली पकडायची. ‘मध्यान्ही’ म्हणजे बारा वाजता, असे सगळेच धरून चालतात. बाराच्या ठोक्याला पी.टी.च्या सरांनी शिट्टी फुंकली, मुलांनी मोजले: ९१ सेंटिमीटर. टाळ्या. सकाळच्या पाळीची नोंद झाली, वही मिटली. सावली मात्र आखडतच राहिली, कारण तिला शिट्टी कळत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्ताची, आणि अंधेरी आहे ७२°५१′ च्या आसपास. म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे. त्यात जानेवारीच्या मध्याला आणखी नऊएक मिनिटे मिळवा. अंधेरीची खरी मध्यान्ह त्या दिवशी १२ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास होते. (मुंबईने हा हिशेब एके काळी फार मनावर घेतला होता. १९०६ साली प्रमाणवेळ आली, तरी शहरात ‘बॉम्बे टाइम’ थेट १९५५ पर्यंत चालू होता.)

आता १२:४८ ही दोन पाळ्यांच्या शाळेतली सर्वांत वाईट वेळ. सकाळची पाळी फाटकातून बाहेर पडतेय, दुपारची आत घुसतेय, आणि मधोमध काठी. ती दोनदा आडवी झाली, तिसऱ्यांदा दुपारच्या बाईंनी स्वतः धरून ठेवली आणि मोजले: ८५ सेंटिमीटर. झाले! सकाळचे सर म्हणाले, आमचे ९१ खरे. दुपारच्या बाई म्हणाल्या, आमचे ८५. दोन्ही पाळ्यांचे सख्य तसेही जगजाहीर होते. वाद पर्यवेक्षकांकडे गेला. त्यांनी दोन्ही वह्या शांतपणे पाहिल्या आणि अहवालात लिहिले: सरासरी ८८ सेंटिमीटर.

प्रदर्शनाचा राजा म्हणजे ज्वालामुखी. पुठ्ठ्याचा शंकू, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. दर प्रदर्शनात पाच-सहा असतातच आणि पालकांची खरी चुरस इथेच लागते. एका वर्षी दोन वर्गांनी एकमेकांवर मात करायची ठरवली. एकाने सोड्याचे प्रमाण वाढवले, तर दुसऱ्याने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून नारिंगी अमोनियम डायक्रोमेट ‘उसने’ आणले. ते पेटले की ठिणग्या उडतात, हिरवी राख फुगून वर येते, आणि ते विषारी असते ही बाब प्रयोगशाळेच्या सरांना धावत येऊन सांगावी लागते. हिरवी राख पाहुण्यांच्या सफारीवर बसली. त्याच रांगेत शेवटी एक अबोल मुलगा मातीची सपाट लादी घेऊन बसला होता. लादीला लांबच लांब भेग, भेगेतून काळा रंग झिरपून थरांवर थर. महाराष्ट्राचा काळा कातळ असाच, भेगीय उद्रेकांतून पसरला. सबंध प्रदर्शनात अंधेरीच्या जमिनीचा खरा ज्वालामुखी तेवढाच. परीक्षकांनी त्याला उत्तेजनार्थही दिले नाही. शेरा होता: ‘ज्वालामुखीला तोंड नाही.’

त्या कातळाचा सर्वांत देखणा तुकडा अंधेरी पश्चिमेलाच उभा आहे, गिल्बर्ट हिल. सुमारे २०० फूट उंच, वय साधारण साडेसहा कोटी वर्षे. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडून खांब झाले. अमेरिकेत वायोमिंगचा डेव्हिल्स टॉवर बघायला लोक कुठून कुठून जातात. आपल्याकडे त्याच जातीच्या कड्याला इमारती आणि झोपड्या इतक्या खेटून आहेत की पायथ्याशी उभे राहून अख्खा फोटो निघत नाही. सहल काढायची तर संमतीपत्र आले. आमच्या एका बाईंनी अभ्यास करून त्यात लिहिले की १९५२ साली या टेकडीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २००७ साली महापालिकेने तिला द्वितीय श्रेणीचा वारसा ठरवले. माहिती बिनचूक होती. पालकांनी ‘राष्ट्रीय उद्यान’ एवढेच वाचले. बोरिवलीच्या उद्यानातले बिबटे तेव्हा बातम्यांत होते. दुसऱ्या दिवशी निम्म्या पालकांनी परवानगी नाकारली आणि उरलेल्यांनी दुर्बिणी पाठवल्या.

गेलेल्यांची गंमत वेगळीच. कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून गावदेवीच्या देवळापर्यंत पोचलो. कार्यपत्रिकेत प्रश्न होता: खांबांच्या बाजू मोजा व पुढील विधान पूर्ण करा, ‘बेसाल्टचे स्तंभ ___ कोनी असतात.’ अपेक्षित उत्तर ‘षट्’. खाली उतरल्यावर एका मुलीने कड्याला नाक लावून एक खांब मोजला, म्हणाली पाच. बाई म्हणाल्या, नीट मोज. तिने बोट फिरवून पुन्हा मोजले, पाचच. शेजारचा म्हणाला, माझ्याला सात आहेत. निसर्गात पाच, सहा, सात सगळेच सापडतात, भेगा काही कंपासपेटीतून निघत नाहीत. पण कार्यपत्रिका तपासायची उत्तरसूची आधीच छापलेली होती. मुलीचा अर्धा गुण कापला गेला. तिच्या वडिलांनी रविवारी स्वतः जाऊन मोजले आणि सोमवारी खांबाच्या फोटोसकट शाळेत हजर झाले. अर्धा गुण परत मिळाला. कड्याला इतक्या बारकाईने कोणी पालकाने पाहिल्याचे माझ्या माहितीत ते एकमेव उदाहरण.

नकाशांचीही एक तऱ्हा आहे. अंधेरीतल्या आयसीएसईच्या मुलाला झोपेतून उठवून विचारा, तो ४५ डी/७ आणि ४५ डी/१० या स्थलनिर्देशक नकाशांवरच्या विहिरी, कोरडे नाले आणि पाऊलवाटा सांगेल. तो भाग आहे राजस्थान-गुजरात सीमेवरचा, अंधेरीपासून जवळजवळ सरळ उत्तरेला. स्वतः अंधेरी ज्या पत्रकावर येते, ते ४७ ए/१६. किनारपट्टीचे म्हणून ते वर्षानुवर्षे ‘प्रतिबंधित’. आम्ही एकदा रीतसर अर्ज करायच्या बेतात होतो. मुख्याध्यापकांनी विचारले, “वेसाव्याचा नकाशा कशाला हवाय? मुलं तिथेच राहतात ना?”

पर्जन्यमापक हा प्रकार त्याहून नाजूक. प्लॅस्टिकची बाटली कापायची, वरचा भाग उलटा बसवायचा, पट्टी चिकटवायची, गच्चीवर ठेवायची, रोज सकाळी साडेआठला नोंद. सप्टेंबरअखेरीस एका आठवड्यात उन्हाने डोळे दिपत होते आणि आमच्या फलकावर रोज पाच-सहा मिलिमीटर पाऊस पडत होता. मुलांनी स्थानिक पर्जन्यावर परिच्छेद लिहायला घेतला. मग कळले की शिपाईकाका पहाटे कुंड्यांना पाणी घालताना बाटलीलाही प्रेमाने घालत होते. खरी कसोटी २६ जुलै २००५ ला लागली. सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदवले, कुलाब्याला जेमतेम ७०-७५. दोन्ही आकडे बरोबर होते आणि शहर एकच होते, हे समजावताना पुढे सगळ्याच शिक्षकांची दमछाक झाली. आमच्या वहीत त्या तारखेपुढे पाळीच्या मॉनिटरने प्रामाणिकपणे लिहिले होते: ‘बाटली नाही.’

शून्य सावलीचा दिवस तर शाळेच्या वेळापत्रकावर सूड उगवावा तसा येतो. अंधेरीत सूर्य बरोबर डोक्यावर येतो १५-१६ मेला, म्हणजे सुट्टीत, आणि २७-२८ जुलैला, म्हणजे ढगांच्या मागे. एका वर्षी बाईंनी मेमध्ये जिद्दीने मुलांना बोलावले. निम्मा वर्ग कोकणात. सावंतवाडीकडे गेलेल्या एका पोराने जूनमध्ये सांगितले, “बाई, मी तर मेच्या पहिल्याच आठवड्यात बघितली, सावली गायब!” वर्ग हसला, थापाड्या म्हणून. बाईंनी अक्षांश तपासले. सावंतवाडी अंधेरीच्या तीनेक अंश दक्षिणेला, तिथे सूर्य आधीच डोक्यावर येतो. पोराचे बरोबर होते. शाळेत बोलावलेल्या मुलांना मात्र त्या दिवशी काही दिसले नव्हते, कारण बाईंनी बरोबर बाराला मोजले आणि सव्वाबाराला सरबत देऊन घरी पाठवले.

२०१३ साली दहावीच्या नव्या पुस्तकातल्या नकाशातून अरुणाचल प्रदेश गळाला, गदारोळ झाला, मंडळाला दुरुस्ती करावी लागली. दुरुस्ती हातात पडेपर्यंत आम्ही मुलांना पेनने सीमा काढायला लावली. एकाने इतक्या देशप्रेमाने काढली की अर्धा म्यानमारही आला.

प्रश्नमंजूषेतले वैर वेगळ्याच पातळीवरचे. वांद्र्याच्या एका संघाला अंधेरी ‘लांब’ वाटते, अंधेरीकरांना वांद्र्याचा तोरा. अंतिम फेरीत बरोबरी झाली आणि निर्णायक प्रश्न आला: वांद्रे कोणत्या तालुक्यात? वांद्र्याच्या मुलांनी तुच्छतेने उत्तर दिले, “वांद्रे तालुका.” मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली वेगळा झाला, त्याचे तालुके तीन: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. वांद्रे अंधेरी तालुक्यात मोडते. जिल्ह्याचे मुख्यालय मात्र वांद्र्यात. संघाच्या सरांनी लेखी हरकत नोंदवली आणि पत्त्यात स्वतःच लिहिले: वांद्रे, तालुका अंधेरी. शाळेचा शिक्काच तसा होता.

आणि २०२०. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, शेवटचा. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. भारत आणि ब्राझीलची तुलना पाठ केलेली पोरे हळहळली, न केलेली देवाला नारळ फोडून मोकळी झाली. आमच्या ओळखीतले एक क्लासवाले सर दरवर्षी ‘हमखास येणारे प्रश्न’ अशी यादी काढत. त्यांचा अंदाज दरवर्षी हमखास चुकायचा आणि स्टाफरूममध्ये त्यावर पैजा लागायच्या. २०२० ची यादी त्यांनी लॅमिनेट करून क्लासच्या भिंतीवर लावली आहे. त्यातला एकही प्रश्न चुकला नाही, असे ते नव्या पालकांना छातीठोकपणे सांगतात.