धुराड्यातील क्रिओसोट : अमेरिकेतील सरपणाच्या शेगड्यांची पन्नास वर्षे

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेलउत्पादक देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत सुमारे चौपट झाली, तेव्हा व्हर्माँट, मेन यांसारख्या ईशान्येकडील थंड राज्यांत, जिथे घरे उबदार ठेवण्याचा मोठा भार तेलावरच होता, अनेक कुटुंबे पुन्हा सरपणाकडे वळली. नॉर्वेच्या योतुल कंपनीच्या ओतीव लोखंडी शेगड्यांना मागणी आली, १९७५ मध्ये व्हर्माँट कास्टिंग्ज ही कंपनी स्थापन झाली, आणि दशक संपण्यापूर्वी धुराड्यांना लागणाऱ्या आगी हा तेथील अग्निशमन दलांच्या चिंतेचा विषय झाला.

या शेगड्या हवाबंद होत्या, म्हणजे त्यांचे सांधे बुजवलेले असत, दार घट्ट बसे आणि आत येणारी हवा एका झडपेने नियंत्रित करता येई. रात्री लाकडे भरून झडप जवळजवळ मिटली की सकाळपर्यंत निखारे टिकत, आणि त्यांच्या लोकप्रियतेचे हेच मोठे कारण होते. दोषाचे मूळही त्यातच होते. लाकूड तापल्यावर त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरी द्रव्यांची वाफ सुटते. ती पूर्ण जळण्यास साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी हवा लागते. दोन्ही न मिळाल्यास ती तशीच धुराड्यात शिरते, आणि धूर सुमारे १२० अंशांच्या खाली उतरला की पाण्याच्या वाफेसह भिंतींवर द्रवरूपाने जमते. या साक्याला क्रिओसोट म्हणतात. प्रारंभी तो काजळीसारखा भुसभुशीत असतो व ब्रशने निघतो. पुढे त्याचे कडक, चमकदार पापुद्रे बनतात. आणि थरावर थर चढून वारंवार तापत राहिल्यास अखेरीस काचेसारखा घट्ट लेप तयार होतो, ज्यावरून ब्रश केवळ घसरतो. हा लेप पेटला तर धुराड्यातील तापमान ११०० अंशांपर्यंत जाऊ शकते, आतील मातीच्या नळ्यांचे अस्तर तडकते आणि त्या भेगांतून उष्णता घराच्या लाकडी सांगाड्यापर्यंत पोहोचते.

या आगींचा दोष घरमालकांच्या आळसावर टाकणे अन्यायाचे होईल. जुनी विटांची धुराडी उघड्या शेकोट्यांसाठी बांधलेली होती. शेकोटी खोलीतील हवा भरमसाट ओढून घेत असल्याने त्यांचे पोकळ भाग रुंद ठेवलेले असत, आणि कित्येक धुराडी घराच्या बाहेरील भिंतीलगत, तिन्ही बाजूंनी थंडीला उघडी होती. हवाबंद शेगडीचा थोडा, संथ धूर अशा प्रशस्त मार्गाने वर जाताना अर्ध्या वाटेतच निवत असे. त्यात ग्राहक गरजेपेक्षा मोठी शेगडी घेत आणि खोली फार तापू नये म्हणून ती सतत गुदमरवून जाळत. धुराड्याच्या आकाराला शेगडीच्या धूरद्वाराशी जुळवून घेणारी, शक्यतो उष्णतारोधक आवरण असलेली पोलादी नळी जुन्या धुराड्यात बसवण्याचा उपाय रूढ होण्यास काही वर्षे जावी लागली. या संपूर्ण काळातील सर्वांत उपयुक्त सुधारणा तीच मानावी लागते.

सरपणाविषयीची समजूतही बदलावी लागली. पाइनच्या राळेमुळे क्रिओसोट होतो, असा समज रूढ होता. परंतु वाळलेले पाइन मोकळ्या हवेत भडकून जळते, तर ओले किंवा गुदमरलेले ओकही भरपूर धूर सोडते. त्यामुळे लाकूड फोडून, रचून, त्यातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवणे हा देखभालीचा पहिला भाग ठरला, आणि ओकसारख्या घट्ट लाकडास त्यासाठी दोन उन्हाळेही लागू शकतात.

मागणी वाढली तसा धुराडी झाडण्याचा जवळजवळ लोपलेला व्यवसाय सावरला. १९७७ मध्ये या व्यावसायिकांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला, पुढे प्रमाणपत्रे देणारी संस्था उभी राहिली, आणि वर्षातून किमान एकदा तपासणी करावी व साका सुमारे ३ मिलिमीटर झाल्यास धुराडे साफ करावे, हा दंडक प्रचलित झाला. धूरनळीचे चिमटलेले टोक नेहमी खाली, शेगडीच्या दिशेने ठेवावे, म्हणजे ओघळणारा क्रिओसोट सांध्यातून बाहेर न पडता आतच वाहतो, ही बारकाईही याच शिस्तीचा भाग होय.

कायदा मात्र वेगळ्या हेतूने आला. हिवाळ्यात दऱ्याखोऱ्यांत साचणाऱ्या धुरामुळे आधी ओरेगॉन राज्याने आणि १९८८ मध्ये संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेने नव्या शेगड्यांच्या धुरातील कणांवर मर्यादा घातली. २०१५ च्या सुधारित नियमांनुसार २०२० पासून ती सर्वसाधारणपणे ताशी २ ग्रॅम झाली. जो धूर बाहेरील हवेत जाऊ द्यायचा नाही तोच धुराड्यात साचणारा धूर असल्याने अग्निसुरक्षेलाही त्याचा लाभ झाला. काही शेगड्यांत उत्प्रेरक जाळी बसवली गेली, जिच्यामुळे धूर सुमारे २६० अंशांनाच पेट घेतो. मात्र ती राखेने तुंबली, किंवा जाळीला वळसा देणारी झडप उघडी राहिली, तर धूर न जळताच वर जातो. शिवाय प्रयोगशाळेत शेगडी ठरावीक ओलाव्याच्या लाकडावर तपासली जाते, तर घरी तीत कित्येकदा त्याच शरद ऋतूत तोडलेले लाकूड पडते, आणि अशा घरात प्रमाणित शेगडीच्या धुराड्यालाही एका हिवाळ्यात एकाहून अधिक वेळा ब्रश लावावा लागतो.