सावेडीतले आठ स्वर्ग

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात रिक्षावाल्याला कोणतेही ठिकाण समजावून सांगायचे, तर दोन रस्त्यांचा आधार घ्यावा लागतो: गुलमोहर रोड आणि पाइपलाइन रोड. एकाच्या नावात झाड आहे, दुसऱ्याच्या नावात पाणी. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. त्याच्या नावातला 'गुल' फारसी. तरी आज हे झाड इतके आपले झाले आहे की त्याच्या लाल फुलांशिवाय मराठी मुलांच्या उन्हाळ्याचे चित्र पुरे होत नाही. त्याला कुणी 'तू कुठला?' असे विचारत नाही.

माणसांना आणि इमारतींना मात्र हा प्रश्न विचारला जातो. याच सावेडीच्या परिसरात, शहराच्या उत्तरेला, एका मोठ्या हौदाच्या मध्यभागी एक भग्न अष्टकोनी महाल उभा आहे. त्याचे नाव हश्त बेहेश्त. 'हश्त' म्हणजे आठ, 'बेहेश्त' म्हणजे जन्नत. जन्नतला आठ दरवाजे असल्याचे हदीसमध्ये आले आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी, निजामशाही नवी असताना, ही बाग लावली गेली.

आपली मुले या महालाबद्दल दोन गोष्टी ऐकतात. बाहेर ऐकतात की 'हे सगळे परके आहे'. घरात कधीकधी ऐकतात की 'हे सगळे आपणच दिले'. पहिल्या वाक्याने मुलाचे मन खट्टू होते, दुसऱ्याने ते फुगते. पण इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही वाक्ये टिकत नाहीत. खरी हकीकत त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

लढाईच्या जागी लावलेली बाग

ज्याने हे शहर वसवले तो अहमद निजामशाह कोण होता? त्याचे वडील मलिक हसन बहरी बहमनी दरबारात मोठ्या पदाला पोहोचले. फरिश्ता हा इतिहासकार लिहितो की ते जन्माने ब्राह्मण होते, त्यांचे घराणे पाथरीचे आणि तेथे कुलकर्णीपण करणारे. पाथरी म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातले गाव. म्हणजे ज्याला सरसकट 'परकी राजवट' म्हटले जाते, तिच्या संस्थापकाचे मूळ मराठवाड्यात सापडते. हे लिहिणारा फरिश्ता मात्र खरोखर इराणहून लहानपणी इथे आलेला होता.

28 मे 1490 रोजी अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला. विजयाच्या जागी त्याने महाल आणि बाग उभारली, म्हणून त्या लढाईला 'बागेची लढाई' असे नाव पडले. त्या बागेचे नाव बाग निजाम. शहर त्यानंतर चार वर्षांनी वसू लागले. पुढे याच जागेभोवती किल्ला झाला.

त्या किल्ल्यात 1942 मध्ये इंग्रजांनी काँग्रेसच्या नेत्यांना कैदेत ठेवले. तेथे पंडित नेहरूंनी 'भारताचा शोध' लिहिला आणि मौलाना अबुल कलाम आझाद यांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे. नेहरूंनी तुरुंगातल्या खडकाळ मातीत फुलांचे वाफे केले. खणताना जुन्या बांधकामाचे अवशेष वर येत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. बागेवर किल्ला उठला आणि किल्ल्यात कैद्यांनी पुन्हा बाग लावली.

आठ कोनांचा प्रवास

मध्ये एक दालन, त्याभोवती आठ खोल्या, चहूकडे पाणी आणि बाग, ही रचना इराण आणि मध्य आशियात मुरलेली होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तबरीजमध्ये 'हश्त बेहेश्त' नावाचा महाल होता. त्यापूर्वी, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, दिल्लीत अमीर खुसरोने त्याच नावाचे काव्य लिहिले होते. म्हणजे नाव आणि कल्पना दोन्ही प्रवासात होत्या. कधी पश्चिमेकडून पूर्वेला, कधी उलट. इराणमधल्या इस्फहान शहरातला याच नावाचा प्रसिद्ध महाल 1669 चा. सावेडीचा त्याच्याहून दीडशे वर्षांनी जुना.

शहराच्या आग्नेयेला फराहबाग आहे. तीही पाण्याच्या मधोमध असलेली अष्टकोनी वास्तू. मुर्तजा निजामशाहाच्या काळात, 1583 मध्ये, सलाबतखानाच्या देखरेखीखाली ती पुरी झाली. ही इमारत पाहूनच शहाजहानला ताजमहालाची कल्पना सुचली, असे नगरमध्ये मोठ्या आवडीने सांगितले जाते. पण दिल्लीत हुमायूनचा मकबरा फराहबागेच्या आधीच याच आठ कोनांच्या नकाशावर उभा राहिला होता. तेव्हा ताज हे फराहबागेचे मूल नव्हे. दोघे एकाच आजोबांची नातवंडे आहेत. मुलांना हे असेच सांगावे. खोटा मोठेपणा टिकत नाही आणि खऱ्याला त्याची गरज नसते.

पाणी आणि पाषाण

बागेची कल्पना इराणहून आली, पण पाणी इराणहून आणता येत नाही. इराणात डोंगराच्या पायथ्याशी विहीर खणून तिथून मैलोगणती भुयारे काढतात आणि पाणी उताराने गावात आणतात. आपल्याकडे वरची माती पातळ आणि खाली काळा पाषाण. तेव्हा नगरच्या कारागिरांनी जागेप्रमाणे तोडगा काढला. कापूरवाडीसारख्या उंचावरच्या गावांजवळ पाणी गोळा करायचे आणि चुन्यात बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळांतून उताराने शहरात आणायचे. या नळांना लोक 'खापरी नळ' म्हणतात. वाटेत जागोजागी उंच दगडी मनोरे बांधत. त्यांत पाणी वर चढे, नळातली हवा निघून जाई आणि दाब कमी होई, म्हणून नळ फुटत नसत. त्यात ना पंप होता ना वीज. सगळा हिशेब जमिनीच्या उताराचा.

ही विद्या इथेच थांबली नाही. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीत चंगेजखान या पेशव्याच्या पदरी होता. पुढे त्याने खडकी हे शहर वसवले, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने जी नहर बांधली, तिने पुढे कित्येक पिढ्यांची तहान भागवली. आफ्रिकेत जन्मलेल्या माणसाने, इराणशी नाते सांगणारी आणि नगरच्या जमिनीवर घोटलेली विद्या मराठवाड्यात नेली. यातले किती 'बाहेरचे' आणि किती 'इथले', हे वेगळे काढून दाखवता येणार नाही.

दगडाचेही तसेच. इराणातल्या इमारती विटांच्या आणि रंगीत कौलांच्या. नगरच्या कारागिराच्या हातात काळा पाषाण आणि छिन्नी. किल्ल्याजवळची दमडी मशीद 1567 ची. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी देऊन ती बांधली, असे सांगतात. तिच्या दगडावरचे बारीक कोरीव काम पाहिले की लक्षात येते: मशिदीचा आकार दूरवरून आला असेल, पण छिन्नी चालवणारा हात याच मातीतला आहे.

चित्रातही हेच घडले. हुसेन निजामशाहाच्या स्तुतीसाठी 1565 च्या सुमारास 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सचित्र फारसी काव्य तयार झाले. ते आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते. ही कल्पना संस्कृत काव्यातली, जुन्या देवळांच्या शिल्पांतली. फारसी ओळींच्या शेजारी ती निःसंकोच येऊन बसली.

तोंडातले शब्द

याची साक्ष आपल्या बोलण्यातही आहे. हौद, बाग, गुलाब, अत्तर, सरबत हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी झाले. 'पेशवा' हे पद निजामशाहीत होते. बुऱ्हाण निजामशाहाने ते एका ब्राह्मण कारभाऱ्याला दिले होते. पुढे तोच शब्द मराठी राज्यात केवढा मोठा झाला हे सांगायला नको. मालोजी भोसले निजामशाहीचे सरदार. नगरच्या शाह शरीफ या सुफी संतांवरच्या श्रद्धेने त्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. आपल्या घरातली आजी 'नक्को' म्हणते, तो मराठी 'नको' आहे. 'ऐसाइच', 'मैंच' यांतला 'च' दख्खनी उर्दूने मराठीकडून घेतला. लखनौच्या पाहुण्याला तो खटकतो. आपल्याला खटकत नाही, कारण आपण इथले आहोत.

सावेडीची बारव

1537 मध्ये शाह ताहिर यांच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशाहाने शिया पंथ स्वीकारला. बारा इमामांचे लंगर म्हणून कोठला त्याच काळात उभा राहिला. राजवट गेली, पण नगरचा मोहरम राहिला. आजही सवाऱ्यांची मिरवणूक शहरातून निघते आणि सावेडीच्या बारवेवर विसर्जन होते. वाटेत नवस बोलणाऱ्यांत, खांदा देणाऱ्यांत हिंदू कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. करबलाचे दुःख इराकमधले. ते पाण्यात विसर्जित करण्याची रीत हिंदुस्थानातली. आणि बारव तर अस्सल मराठी मुलुखाची. आपल्यातल्या अनेकांना ही प्रथा दीनच्या दृष्टीने मान्य नाही आणि त्यांचे म्हणणे त्यांनी जरूर मांडावे. पण चारशे-साडेचारशे वर्षे शेजाऱ्यांना एकत्र चालायला लावणारी ही वाट कशी तयार झाली, हे समजून घ्यायला त्यामुळे अडचण येऊ नये.

नाव आणि वारसा

2024 मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अनेक मुस्लिम घरांत याचे दुःख झाले. ते लपवण्यात अर्थ नाही. नावात आठवणी असतात. पण ज्यांचे नाव दिले गेले त्या अहिल्यादेवी होळकर याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांनी देशभर घाट बांधले, विहिरी आणि बारवा बांधल्या. तहानलेल्याला पाणी देण्याचे काम त्यांनीही केले आणि खापरी नळ बसवणाऱ्यांनीही. त्यांच्याशी आपले भांडण असण्याचे कारण नाही.

खरी काळजी वेगळी आहे. पाटीवरचे नाव सरकार बदलते, पण हश्त बेहेश्तच्या भिंतींवर नावे कोरणारी आणि हौदात कचरा टाकणारी पोरे आपल्या सगळ्यांची आहेत. आसपास वस्ती वाढते आहे. खापरी नळांचे तुकडे पायाभरणीच्या मातीबरोबर निघून जातात. ज्या वारशावर हक्क सांगायला आपण पुढे असतो, तो बघायला आपण मुलांना किती वेळा नेले?

तेव्हा एखाद्या रविवारी सावेडीला जावे. मुलांबरोबर त्यांच्या वर्गातले शेजारचे मित्रही न्यावेत. महालाचे आठ कोन त्यांना मोजायला लावावेत. पाणी कुठून येत असेल, हे उतार बघून ओळखायला सांगावे. घरून आणलेला डबा तिथे खावा आणि निघताना आपला कचरा, जमल्यास दुसऱ्याचाही, पिशवीत भरून आणावा. परतताना कुणी विचारलेच की हा महाल नक्की कुणाचा, तर मुलाला उत्तर देता यायला हवे: कल्पना लांबून आली, दगड आणि हात इथले, आणि आता सांभाळायचे काम आमचे.