घाट उतरून पाहुण्यांकडे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून समुद्राकडे जायचे तर सह्याद्री उतरावाच लागतो, आणि गाडीरस्त्याचे घाट मोजकेच आहेत. महाबळेश्वरकडून प्रतापगडाच्या पायथ्याने पोलादपूरला उतरणारा आंबेनळी, कराड-पाटणहून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली आणि कोल्हापूरवरून रत्नागिरीकडे जाणारा आंबा हे तीन घाट या मुलखाच्या रोजच्या वापरातले. त्याखालचे करूळ, फोंडा आणि आंबोली हे घाट सिंधुदुर्गात उतरतात. चार-पाच दिवस हाताशी असतील, तर कुंभार्लीने उतरावे, किनाऱ्याने दक्षिणेला सरकावे आणि आंबा घाटाने वर यावे. ही फेरी सर्वांत भरगच्च. धरण, खाड्या, पुळणी तिच्यात येतात आणि अनेक कुटुंबांसाठी वाटेवरची पाहुण्यांची घरेही.

घाटाखालच्या आणि घाटावरच्या माणसांची सोयरीक फार जुनी आहे. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट देशावर आले आणि 1713 साली साताऱ्याच्या शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले. चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाशी जोडलेले ब्रह्मेंद्रस्वामी साताऱ्याजवळ धावडशीला राहिले. त्यांची समाधी तिथेच आहे. सांगलीचे नाते तर थेट गणपतीपुळ्याशी पोचते. रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे हरभट पटवर्धन पुळ्याच्या गणपतीचे उपासक होते. ते घाटावर येऊन इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये झाले, त्यांच्या मुलांनी पेशवाईत सरदारकी मिळवली आणि त्याच घराण्याने पुढे मिरज, सांगली, जमखंडी, कुरुंदवाड ही संस्थाने सांभाळली. सांगलीकर ज्याला आपले आराध्य मानतात, त्या कृष्णाकाठच्या गणपतीचे मूळ असे कोकणच्या वाळूत सापडते.

ये-जा दोन्ही बाजूंनी होती. बैलांच्या पाठीवरून मीठ आणि सुकी मासळी वर येई, धान्य आणि गूळ खाली जाई. कोकणातली कितीतरी घराणी आजही जोतिबाला कुलदैवत मानून घाट चढतात. नरसोबाची वाडी आणि औदुंबरला येतात. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केल्यानंतर कोकणातला रुग्णही मिरजेची वाट धरू लागला. शिक्षणासाठी सांगली-कराडला आलेली मुले, त्यातून जुळलेली लग्ने, चिपळूणला दिलेल्या मुली: अशी नाती वाढत गेली. म्हणूनच या वाटेवर गाडीच्या डिकीत साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीचे भडंग, तासगावचे बेदाणे असतात आणि परतताना त्याच जागी आमसुले, कुळथाचे पीठ, फणसपोळी, हंगाम असेल तर हापूसची पेटी असते.

साताऱ्याची गाडी महामार्गाने आणि सांगलीची आष्टा-पेठ नाक्यावरून कराडला येते. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. कराडपासून पुढचा रस्ता गुहागर-विजापूर मार्गाचा भाग असून तो कोयनेच्या काठाने पाटणला आणि तिथून कोयनानगरला जातो. वाटेत उसाचे फड मागे पडतात आणि भातखाचरे दिसू लागतात. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात त्याच्या दहापटीहून अधिक.

कोयनेपाशी थोडे थांबायला हवे. 103 मीटर उंचीच्या या धरणामागे शिवसागर जलाशय पसरला आहे. पूर्ण क्षमता 105 टीएमसीच्या आसपास. कोयना पूर्ववाहिनी, कृष्णेची उपनदी. पण तिचे बरेचसे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडले जाते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात शेकडो मीटर खाली कोसळून वीज करते आणि शेवटी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पाणीतंट्याच्या लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी ठरवून दिले होते. याच परिसराने 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप सोसला. पाटण खोऱ्यातल्या जुन्या घरांत त्या पहाटेच्या आठवणी अजून निघतात.

हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाट सुरू होतो. पावसाळ्यात इथे धुके इतके दाट उतरते की समोरचे वळण दिसत नाही, दरडीही येतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तासाभरात हवा दमट होते, कानांत दडे बसतात, कौलारू घरे आणि चिऱ्याची कुंपणे सुरू होतात. चिपळूण वाशिष्ठीकाठी वसलेले आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात हे शहर बुडाले होते. तेव्हा घाटावरच्या नातलगांचा जीव टांगणीला लागला होता. कृष्णेचे पूर पाहिलेल्या सांगलीकरांना ते दुःख समजावून सांगावे लागले नाही.

चिपळूणहून गुहागर साधारण 45 किलोमीटर. नारळी-पोफळीच्या वाड्यांमागे लांबच लांब पुळण आणि गावात व्याडेश्वराचे मंदिर. सांगली, मिरज, सातारा, वाई इथल्या अनेक चित्पावन कुटुंबांचे हे कुलदैवत असल्याने लग्नानंतर नवी जोडपी इथे येतात. पुढे वेळणेश्वर, आणि हेदवीला दशभुज गणेश. हेदवीची बामणघळ म्हणजे कातळातली अरुंद भेग. भरतीची लाट तिच्यात घुसली की कोंडलेले पाणी कारंज्यासारखे उंच उडते. ओहोटीला गेले तर तिथे नुसता खडक दिसतो.

म्हणून भरतीची वेळ माहीत असावी. कोकणात तिचे सोपे गणित आहे: तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकराच्या सुमारास समुद्र भरतो. दुसरी भरती साडेबारा तासांनी. वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. विहिरीत किंवा कृष्णेच्या डोहात पोहायला शिकलेल्यांनीही हे मनावर घ्यावे, कारण ओढून नेणारा प्रवाह विहिरीत नसतो. गणपतीपुळ्याच्या समुद्राने अशा आत्मविश्वासाचे अनेक बळी घेतले आहेत.

हेदवीच्या दक्षिणेला तवसाळला रस्ता संपतो आणि जयगडची खाडी आडवी येते. इथे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट आहे. कोकणचा किनारा खाड्यांनी असा जागोजाग चिरलेला असल्याने समुद्राकाठचा अखंड रस्ता इथे सहज होत नाही. ऑस्ट्रेलियात पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बांधलेला ग्रेट ओशन रोड 243 किलोमीटरचा आहे. मेलबर्नला मुलांकडे गेलेल्या इकडच्या आईवडिलांना हौसेने दाखवला जातो तो हाच. कोकणातल्या प्रवासाला असा सलगपणा नाही. बोटीची वाट पाहत धक्क्यावर उभे राहावे लागते. पण जयगडचा किल्ला, खाडीचे मुख आणि मासेमारीच्या होड्या निवांत पाहायला मिळतात त्या या थांब्यामुळेच.

पलीकडे जयगड, मग कवी केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड आणि लगेच गणपतीपुळे. इथे डोंगरालाच देवाचे रूप मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा देवळाला न घालता सबंध डोंगराला घालतात. पुढे आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रत्नागिरी आणि हातखंब्यावरून साखरपा.

साखरप्यापासून आंबा घाट चढतो. माथ्यावरच्या आंबा गावातून एक वाट विशाळगडाकडे जाते. 1660 सालच्या लढाईची पावनखिंड याच रानात. मलकापूरपासून पुन्हा उसाच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळांचा वास, कोल्हापूर आणि मग अंकलीचा पूल. सातारकर कोल्हापुरातूनच महामार्गाला लागतात, सांगलीकर अंकलीला कृष्णा ओलांडतात. पोफळीला न गेलेले कोयनेचे पाणी कराडवरून वाहत येते आणि याच पुलाखालून पुढे जाते.